फटीत अडकलेला स्नायू

न्यू टाउन, १ नोव्हेंबर २०२४
कालीपूजेची रात्र सरली एकदाची. एका तरुणाच्या तोंडावर फटाका फुटलेला. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळा उघडून बघायची सोय नव्हती. सीटीत नेत्रगोल एका बाजूनं चेपलेला दिसला. रिपोर्ट टाइप करायच्या आधी डोळ्यांच्या सर्जनना फोन केला.

१९ नोव्हेंबर
बांधकामावरचा मजूर. ग्राइंडर चालू, डोळ्यांवर चष्मा नाही. मुकादमाचा आग्रह एमआरआयचा. महागाचं ते चांगलं, हा त्याचा हिशेब. डोळ्यात लोखंड असल्याची शंका असली तर त्या चुंबकापाशी न्यायचंच नाही. कण हलला तर उरलीसुरली नजरही जायची. सीटीत तो कण लख्ख पांढरा दिसला. कोरडी काडी मात्र लबाड, सीटीत हवेसारखी काळी दिसते.

८ डिसेंबर, रविवार
क्रिकेट खेळताना अकरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं कोपर लागलं. ओकाऱ्या, नाडी मंद, म्हणून चिठ्ठीवर ‘डोक्याला मार’. मेंदूत काही नाही. आई म्हणते, “चोख तो ठीक आछे, मॅडम.” डोळा खरंच ठीक दिसत होता, ना लाली ना सूज. त्याला बोटाकडे वर बघायला सांगितलं. उजवा डोळा वर गेला, डावा मध्येच थबकला आणि पोरगं कळवळून पुन्हा ओकलं.

डोळ्याच्या खोबणीचे पातळ काप घेऊन समोरून दिसणारी चित्रं जुळवली. तळाचं हाड जवळजवळ जागच्या जागी. पण खालचा स्नायू जिथं हवा तिथं नाही; तो खाली गालाच्या सायनसमध्ये लोंबतोय. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं वाकतं आणि स्नायूला पकडून परत मिटतं. ओकाऱ्या, मंद नाडी त्या ओढीमुळेच. मोठ्या माणसाच्या खोबणीला भगदाड पडलं तर बहुतेक वेळा सूज उतरेपर्यंत थांबता येतं. इथं दिवस-दोन दिवसांत सोडवला नाही तर स्नायू कायमचा अधू व्हायची भीती. म्हणून ‘हाड फारसं सरकलेलं नाही’ हे वाक्य मी रिपोर्टात एकटं सोडत नाही.

९ डिसेंबर
सकाळी ऑपरेशन झालं. रेसिडेंटना १९५७ ची गोष्ट सांगितली: स्मिथ आणि रेगन यांनी शवाच्या डोळ्यावर हर्लिंग या खेळाचा चेंडू ठेवून वर हातोडा मारला आणि खोबणीच्या कडा शाबूत राहून तळ फुटतो हे दाखवलं. सीटी आलं १९७१ मध्ये, लंडनला. तोवर सगळी भिस्त तपासणी आणि एक्स-रेवर, आणि अशी मिटलेली फट एक्स-रेवर सहज निसटते.

चिठ्ठीवर डोळ्यांच्या हालचालीची एक ओळ हवीच, असं कॅज्युअल्टीला कळवलंय. वैतागतील. वैतागू देत.