जुन्नर-आंबेगावच्या वाटेवर : आमच्यानंतर याचं घर कोणतं?

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं की राजगुरुनगरनंतर मंचर लागतं. आंबेगाव तालुक्यातलं हे मोठं बाजारगाव. पुढे नारायणगाव येतं, तिथला टोमॅटोचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. नारायणगावहून पश्चिमेला वळलं की थोड्याच वेळात शिवनेरी दिसू लागतो आणि त्याच्या पायथ्याशी जुन्नर शहर. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात केली ती याच जुन्नरहून. अहमदनगर नंतर वसलं. एके काळी जुन्नरचा हातकागद दफ्तरांमध्ये नावाजलेला होता. सौदागर घुमट आजही त्या दिवसांची आठवण देत उभा आहे.

इतिहास पाहायला येणाऱ्यांना हे सगळं दिसतं. मोहल्ल्यातल्या बंद दारांमागे काय आहे, ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

जुन्नरमध्ये एका ओळखीच्या घरी चहाला बसलो होतो. घरातल्या खालांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. त्यांचा मुलगा पस्तिशीचा, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. तो दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत होता. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हापासून तो घरीच आहे. खाला त्याच्या कपड्यांच्या घड्या करत म्हणाल्या, “खाना, कपडा, सब हो जाता है बेटा. मेरे बाद इसका क्या?”

असं मूल असलेल्या प्रत्येक आईच्या मनात हा एकच प्रश्न असतो. शेतात राबणाऱ्या घरांत तो अधिकच टोकदार होतो. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे. घरातली माणसं कामाला गेली की अशा मुलाला अंगणात एकटं सोडता येत नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र आहे. जखमी झालेले किंवा परत जंगलात सोडता न येणारे बिबटे तिथे सांभाळले जातात. ते चांगलंच आहे. पण आईमागे एकट्या राहणाऱ्या माणसासाठी अशी कायमची जागा कुठे आहे, हे खालांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे डिंभ्याला गेलो. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याच खोऱ्यात पुढे माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं दगावली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे इथे नवं गाव बांधलं गेलं आणि 2017 मध्ये घरं ताब्यात मिळाली. धरणाने किंवा दरडीने घर गेलं तर शासन यादी करतं, जागा शोधतं, घर बांधून देतं. आईबाप गेल्यावर ज्याचं घर जातं, त्याचं नाव मात्र कुठल्याच यादीत नसतं.

योजना अजिबात नाहीत असं नाही. गावोगावी सगळ्यांना ‘घरकुल’ माहीत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून सपाट प्रदेशात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये ठरले. लाभार्थी ज्या 2011 च्या सर्वेक्षणावरून निवडले गेले, त्यात वंचिततेचा एक निकष असा होता : घरात दिव्यांग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही. म्हणजे खाला हिंडत्याफिरत्या आहेत तोवर त्यांचं घर या निकषात बसत नाही. उद्या त्या गेल्या आणि भिंती मिळाल्या, तरी त्या भिंतींत मुलाला जेवायला कोण वाढणार?

दुसरी योजना थेट याच प्रश्नासाठी आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्ती येतात. या न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत अशा प्रौढांनी एका घरात, काळजीवाहकांसोबत, आयुष्यभर राहावं अशी कल्पना आहे. नोंदणीकृत संस्थेला सुरुवातीच्या मांडणीसाठी आणि पुढे दरमहा माणशी खर्चासाठी मदत मिळू शकते. इमारत मात्र संस्थेनेच उभी करायची. घरौंदा म्हणजे घरकुलच. पण एका योजनेत भिंती आहेत आणि सांभाळणारा नाही, दुसरीत सांभाळणारा आहे आणि भिंती नाहीत.

या दोन्ही टोकांना जोडणारा दुवा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम 37 नुसार गृहनिर्माणाच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आहे. शिवाय घर किंवा निवारा यांसाठी सवलतीच्या दरात दिल्या जाणाऱ्या जमिनीतही 5 टक्के राखीव आहेत. पण जमीन आपणहून चालत येत नाही, मागणारं कुणी लागतं. डोंबिवलीजवळ खोणी इथे पालकांनीच एकत्र येऊन ‘घरकुल’ नावाचं निवासी घर उभं केलं. आपल्याच जिल्ह्यात मुळशीच्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेजमध्ये असे प्रौढ 1994 पासून कुटुंबासारखे राहतात. जुन्नर-आंबेगावातल्या दहा-वीस घरांनी, मग ती कुठल्याही जातीधर्माची असोत, एकत्र अर्ज केला तर त्याला वजन येईल.

तोवर घरात करण्यासारखी तीन कामं आहेत. पहिलं, मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावं. दुसरं, न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात नाव घालावं. त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो आणि वयाची अट नाही. तिसरं काम सगळ्यांत जास्त राहून जातं. मूल अठराचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. तो हयातीतच, भावंडांना समोर बसवून नेमावा.

वारशाचाही प्रश्न इथेच येतो. अशा भावाचा अंगठा घेऊन त्याचा हिस्सा सोडवून घेणारे लोक आपल्यातही आहेत. सूरह निसामध्ये ज्यांना मालमत्ता सांभाळता येत नाही त्यांच्या अन्नवस्त्राची आणि त्यांच्याशी प्रेमाने बोलण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यांवर टाकली आहे. समज कमी म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

खालांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या आणखी दोन घरांची नावं घेतली, जिथे अशीच मुलं आहेत. तीन घरं तर तिथेच झाली. आपल्या मोहल्ल्यात किती आहेत, हे या जुम्म्याला जमातीत एकदा विचारून पाहावं.