स्पेकमध्ये आहे

माझ्याकडची दोन्ही रिव्हॉल्वरं शेजारी शेजारी ठेवली, तर लांबून पाहणाऱ्याला नवंच आवडेल. ते स्टेनलेस स्टीलचं, लखलखीत. जुनं गडद निळं, आणि होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं काढ-घाल झाल्याने नळीच्या टोकाकडचा रंग उडालेला. ते आमच्या ओहायोतल्या एका निवृत्त पोलिसाचं. १९८०च्या दशकात अमेरिकेतले पोलीस रिव्हॉल्वर सोडून मॅगझिनच्या पिस्तुलांकडे वळू लागले, तेव्हा याने आपलं घरी ठेवून घेतलं आणि म्हातारपणी मला विकलं.

मी पिंपरीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तो इथल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागातून. नेमबाजी इथे आल्यावर लागली. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत शस्त्र विकत घेणं जमणारं नव्हतं. हातात आलं तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. मराठी मंडळात हा विषय मी काढत नाही. एकदा काढला होता, तर गणपतीच्या आरतीनंतर लोक माझ्याकडे जरा जपूनच बघत होते.

एका जुन्या नामांकित कंपनीने आपलं बरीच वर्षं बंद असलेलं मॉडेल पुन्हा काढलं, तेव्हा मी नोंदणी करून ठेवली. नाव तेच, आकार तोच, किंमत हजार डॉलरच्या बरीच वर. दुकानात सरकारी फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि खोकं घरी आलं.

रिव्हॉल्वर पारखायला गोळी झाडावी लागत नाही. घोडा मागे ओढला की आतला एक छोटा पंजा वर सरकतो, सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलतो आणि सिलिंडर एक षष्ठांश फेरा घेतं. ते जागेवर आलं की खालून एक खिटी खाचेत बसते. घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत, निदान त्याच क्षणी, ही खिटी बसलीच पाहिजे. उशिरा बसली तर चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक, नळीच्या रेषेत येण्याआधी बार उडू शकतो. मग गोळीची कड नळीच्या मागच्या तोंडाशी तासली जाते आणि शिशाचे कण शेजारच्या माणसाच्या गालावर बसतात. म्हणून रिकाम्या रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवायचा आणि घोडा अगदी सावकाश ओढायचा. जुन्याची खिटी सहाही चेंबरना वेळेवर खट्‌ वाजते. नव्याच्या दोन चेंबरना ती वाजलीच नाही. सिलिंडर बोटाने पुढे सरकवल्यावर बसली.

मग मी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढला. सिलिंडर आणि नळी यांच्यात थोडी फट लागतेच, नाहीतर सिलिंडर फिरणार कसं? जुन्यात ती पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, आणि सगळीकडे सारखी. नव्यात एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला दहा. याचा अर्थ नळीचं मागचं तोंड काटकोनात कापलेलंच नव्हतं. नळीच्या पुढच्या तोंडावर, जिथून गोळी बाहेर पडते तिथे, नखाला लागेल अशी बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची खरखरीत कड, होती. ट्रिगरची कड तर बोटाला टोचत होती.

रेंजवर हे दाखवलं की लोक लगेच नव्या यंत्रांना शिव्या देतात. ‘पूर्वीची कारागिरी राहिली नाही’ हे वाक्य अमेरिकेतही तितक्याच उत्साहाने म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जुन्या रचनेत पंजा आणि खिटी कानशीने घासूनच जुळवावी लागे, आणि एक घासलं की दुसरं बिघडे. अशी कामं करणारी माणसं निवृत्त झाली आणि पोलिसांची मागणी आटल्यावर नवी कोणी तयार करणंही परवडेना. शिवाय जुन्यातली वाईट रिव्हॉल्वरं केव्हाच दुरुस्त झाली किंवा भंगारात गेली. आज कपाटात दिसतात ती निवडून उरलेली. नवी यंत्रं हजारांश इंचात काम करतात, त्यांना दोष कसला? धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेले सुटे भागही वाईट नसतात. भाजताना ते आक्रसतात, पण किती आक्रसणार ते आधीच धरलेलं असतं. माझी तक्रार एवढीच, की हे रिव्हॉल्वर खोक्यात भरण्याआधी ज्याने हातात घेतलं, त्याला ते बाजूला ठेवायची मुभा नसावी. बोटाची ती चाचणी मिनिटभराचीही नाही.

कंपनीने कुरिअरचं लेबल पाठवलं, मी माल पाठवला. परत आला तेव्हा एक चिठ्ठी होती: तपासणी केली, फॅक्टरी स्पेकमध्ये आहे. मी फोन करून विचारलं, फटीचा स्पेक किती? पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली, आकडा मात्र सांगेना. आयुष्यभर मी सप्लायरला आकडे मागितले आहेत. ‘स्पेकमध्ये आहे’ लिहून आकडा न देणाऱ्याचा माल आम्ही गेटवरून परत पाठवत असू. बायको म्हणाली, “अहो, मिक्सर असता तर एव्हाना भांडून बदलून आणला असता तुम्ही.”

दुसऱ्या खेपेला मी पत्र लिहिलं नाही. पिंपरीत वापरायचो तसा तक्ता केला: अनुक्रमांक, काय तपासलं, कशाने तपासलं, अपेक्षित, प्रत्यक्ष, शेरा. सहाही चेंबरचे आकडे वेगवेगळे. ‘अपेक्षित’च्या रकान्यात जुन्या रिव्हॉल्वरचे आकडे घातले. या वेळी त्यांनी नळी बदलली, खिटीची वेळ जुळवली आणि चिठ्ठीवर फट लिहून पाठवली: सहा थाऊ. बाजूच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरचा एक नवा ओरखडाही आला होता. तो मी राहू दिला.

त्यानंतर रेंजवर पंचवीस यार्डांवरून नव्या रिव्हॉल्वरने जुन्यापेक्षा घट्ट गट दिला, म्हणजे गोळ्या अधिक जवळजवळ बसल्या. नवी नळी खरोखर उत्तम आहे. जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसं आता मी त्यातूनच झाडतो, जुन्याला फक्त .३८ स्पेशल. रेंजजवळच्या दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याने माझ्या तक्त्याची प्रत मागून घेतली, खालचं माझं नाव कापलं आणि गिऱ्हाइकांना द्यायला काउंटरवर गठ्ठा करून ठेवला. ‘अपेक्षित’चा रकाना तेवढा त्याने कोरा सोडलाय.