पेवाचं तोंड

कॉम्प्युटरमधे अमुक सॉफ्टवेअर कुठे आहे असं विचारलं, तर बहुतेक जण पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवतात. "हे काय, इथेच तर आहे!" पण मंडळी, ते चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी काढली तर घर पडत नाही, आणि पाटी उचलून दुसऱ्या गल्लीत लावली म्हणून घर तिकडे जात नाही.

इतर सॉफ्टवेअरचं एक वेळ चालून जातं. डेटाबेसचं तसं नाही. त्याचा प्रोग्रॅम एका ठिकाणी असतो, त्यात साठवलेली माहिती बरेचदा भलत्याच ठिकाणी, आणि या दोघांना जोडणारी सर्व्हिस कुणाला न दिसता मागे चालू असते. त्यामुळे "डेटाबेस कुठे बसवलाय?" हा एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत. प्रोग्रॅम कुठे? आणि माहिती कुठे?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचे काका. खामगाव तालुक्यात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. जूनमधे माल उधारीवर जातो आणि कापूस विकला की पैसे येतात, तेही एकरकमी नाही, जमेल तसे. हा सगळा हिशोब 2008 साली घेतलेल्या एका कॉम्प्युटरवर आहे. ज्या मुलानं तो प्रोग्रॅम करून दिला, तो नोकरीसाठी कधीच बाहेर गेला. त्याचा जुना नंबर लागत नाही. या उन्हाळ्यात हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, सी ड्राइव्हमधला फोल्डर कॉपी करून देतो, मग फॉरमॅट मारू. त्याचंही चूक नाही, त्याला जेवढं दिसत होतं तेवढं तो बोलला. पण काकांच्या जिवाला चैन पडेना. मी गावी गेलो होतो, मला बसवलं त्याच्यासमोर.

"बापू, मशीन गेली तं जाऊ दे," काका म्हणाले. "कोनं काय नेलं ते मी सांगू शकतो. कोनं किती देल्ले ते कसं सांगू? ज्यानं देल्ले त्याले पुन्हा मागू काय?"

मला वाटत होतं काकांना बुडीत उधारीची काळजी आहे. त्यांची काळजी उलटीच होती!

मशीनला विचारायचं कसं, ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. फोल्डर उघडून शोधत बसू नका. जे चालू आहे त्याचा माग काढा. विंडोजमधे सर्व्हिसेसची यादी उघडली की चालू असलेला डेटाबेस तिथे नावानिशी दिसतो, आणि त्याच्या प्रॉपर्टीजमधे मूळ फाइलचा पूर्ण पत्ता असतो. काकांकडे निघालं ओरॅकलचं 10जी एक्सप्रेस एडिशन. 2006 साली ओरॅकलनं ही फुकट आवृत्ती काढली होती. मर्यादा 4 जीबी माहितीची, एका दुकानाला उदंड. ती सहसा सी ड्राइव्हवर 'ओरॅकलएक्सई' नावाच्या फोल्डरमधे बसते. इथेही तिथेच होती. म्हणजे पहिला प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न डेटाबेसलाच विचारायचा. ज्या विंडोज खात्यातून तो बसवला असेल, त्या खात्यातून पासवर्डशिवायही आत जाता येतं. आत 'व्ही-डॉलर-डेटाफाइल' नावाची एक यादी असते. माहितीची प्रत्येक फाइल कुठे आहे ते तिच्यात पूर्ण पत्त्यासह लिहिलेलं असतं. (मायएसक्यूएल असेल तर 'डेटाडिर', पोस्टग्रेस असेल तर 'डेटा डिरेक्टरी' विचारा.) यादी आली. चार फाइली सी ड्राइव्हवर आणि पाचवी डी ड्राइव्हवर, 'न्यू फोल्डर 3' मधे! सी ड्राइव्ह भरत आला म्हणून कधीतरी त्या मुलानं ती तिकडे बनवली असणार. गेल्या कित्येक हंगामांचा हिशोब तिच्यात. फोल्डर कॉपी करून फॉरमॅट मारला असता, तर काकांच्या हाती बाकी सगळं आलं असतं, हिशोब सोडून.

हिशोबाची एक्स्पोर्टची प्रत काढली. मग सर्व्हिस बंद करून सगळ्या फाइली उचलल्या. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर तिचा भरवसा नसतो. कंट्रोल फाइल आणि रीडू लॉगही घेतले, कारण त्यांच्याशिवाय बाकीच्या फाइली मुक्या.

आता गंमत बघा. 1970 मधे आयबीएमच्या एडगर कॉड यांनी ज्या लेखात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिचा गाभाच हा होता की माहिती यंत्रात कुठे, कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरज पडू नये. ते जमलंही, म्हणून तर काका इतकी वर्षं नुसतं नाव टाकून बाकी बघू शकले. पण वापरणाऱ्याला कळायची गरज नाही, याचा अर्थ कुणालाच कळायची गरज नाही, असा आपण करून घेतला.

आमच्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, वर दगड, त्यावर माती. 'पेव फुटलं' म्हणतो ना, ते हेच पेव. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नसे, आणि तेच तर हवं असायचं. घरातल्या सगळ्यांनी भाकरी खायची. पेवाचं तोंड कुठे हे सगळ्यांना ठाऊक असायची गरज नव्हती. पण एकाला तरी असावंच लागे, आणि त्यानं ते जाण्याआधी दुसऱ्याला सांगून ठेवावं लागे. नाहीतर पायाखाली धान्य आणि घरात उपास!

आपल्या प्रत्येकाच्या घरात, दुकानात असं एखादं पेव असतंच. सोसायटीचा हिशोब, शाळेतले दाखले, दवाखान्यातल्या नोंदी. कुणीतरी एकदा बसवून दिलं, ते चालतंय, म्हणून कुणी विचारत नाही. चालतंय तोवर विचारणं सोपं आहे, कारण तेव्हा मशीन स्वतः उत्तर देतं. बंद पडल्यावर विचारायचं कुणाला?

तेव्हा आमच्या नातेवाईक मंडळींना (वाचताय ना, मामा?) एकच विनंती. या रविवारी बसा, दोन्ही पत्ते काढा, प्रोग्रॅमचा आणि माहितीचा. आणि ते कागदावर लिहा. त्याच कॉम्प्युटरमधे नको हं, पेवाच्या तोंडाची खूण पेवात ठेवत नाहीत. :)