कात्रजचा घाट, खालच्या गिअरमध्ये

एखाद्याला फसवून भलत्याच वाटेला लावणे याला मराठीत 'कात्रजचा घाट दाखवणे' असे म्हणतात. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले आणि मागावर येणाऱ्या मोगली फौजेची दिशाभूल व्हावी म्हणून कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून त्यांना सोडण्यात आले, अशी त्यामागची परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिची चिकित्सा इतिहासकारांनी करावी. मला या वाक्प्रचाराविषयी कुतूहल आहे ते वेगळ्या कारणाने. त्यात घाट नेहमी कोणीतरी दुसऱ्याला दाखवतो. स्वतःच्या पायांनी तो चढून पाहण्याची गोष्ट वाक्प्रचारात कुठेच नाही. माझीही गत अशीच होती. सातारा रस्त्याने मी असंख्य वेळा गेलो आहे, पण बसच्या खिडकीतून. तिथून डोंगर दिसतो, चढ दिसत नाही.

तो दिसला गेल्या जानेवारीत, कात्रजमधल्या पाच किलोमीटरच्या एका शर्यतीत. गावातून निघून जुन्या घाटाच्या दिशेने अडीच किलोमीटर चढायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे, असा तिचा मार्ग होता. ऑक्टोबरात नाव नोंदवले तेव्हा दहा आठवड्यांचा सराव वहीत आखलेला होता. नोव्हेंबरात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. पुढचे आठवडे रुग्णालयाच्या जिन्यांवर गेले. अण्णा घरी आले त्या दिवसापासून शर्यतीपर्यंत अकरा दिवस उरले होते. त्यांत मी चार वेळा धावलो. सर्वांत लांबचे धावणे दोन किलोमीटरचे.

'तयारी' हा आपल्याकडे मोठा गमतीचा शब्द आहे. संगीताच्या समीक्षेत 'तयारीचा गवई' असे म्हटले की त्यात स्तुती असते आणि एक बारीकसा चिमटाही असतो: तानेची सफाई आहे, पण रागाचे काय? परीक्षेला बसणारा विद्यार्थी मात्र 'सर, तयारी झाली नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्या लेखी सारेच संपलेले असते. म्हणजे एके ठिकाणी तयारी पुरेशी नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तयारीवाचून काहीच नाही. माझा प्रश्न या दोहोंच्या मधला होता. तयारी अपुरी असेल, तर माणसाने आरंभरेषेवर उभे राहावे की नाही?

त्याचे उत्तर अण्णांनी दिले, तेही त्यांच्या व्यवसायाच्या भाषेत. ते एसटीत चालक होते. पुणे-सातारा रस्त्यावर त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि कात्रजचा घाट त्यांना वळणावळणाने, गिअरगिअरने पाठ होता. शब्द अजून जड येत होते. एकेक वाक्य ते दोन श्वासांत बोलत. "जा तू," ते म्हणाले. "चढ लागायच्या आधीच खालचा गिअर टाक. मध्यावर दम गेल्यावर टाकशील, तर गाडी मागे येते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर." घाटात गाडी चालवणारा कोणीही हे सांगेल. भरल्या गाडीने उतारावर वेग घेतला, की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. म्हणून वेग इंजिनानेच धरून ठेवायचा असतो.

शर्यतीच्या पहाटे कात्रजला चांगलीच थंडी होती. थंड हवा जड असते. ती रात्रभर डोंगरउतारावरून खाली घरंगळते आणि पायथ्याच्या खोलगट भागात साचून राहते. त्यामुळे तळाशी हुडहुडी भरते आणि थोडे वर गेल्यावर हवा किंचित उबदार लागते. शिट्टी झाली आणि पुढचे घोळके थंडी झटकून टाकण्याच्या आवेशात भरधाव सुटले. मी पहिल्या पावलापासून खालच्या गिअरमध्ये होतो. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग, हे माझे गणित. पहिल्या किलोमीटरात शाळकरी मुलांपासून पांढऱ्या मिशांच्या आजोबांपर्यंत सारेजण मला मागे टाकून गेले. दुसऱ्या किलोमीटरात त्यांतले काही कमरेवर हात ठेवून कठड्याशी उभे असलेले दिसले. वळणाच्या थोडे आधी मीही दोनेकशे पावले चाललो. चालण्यालाही गिअर असतोच.

तिथेच मला प्रथम चढ दिसला. तो पोटऱ्यांत आणि श्वासात दिसतो. कात्रज पुण्यापेक्षा उंचावर आहे हे भूगोलाचे वाक्य मला ठाऊक होते. पाण्याला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. हे काम केवळ उताराने केले. त्या नळावर ठिकठिकाणी उंच बांधकामे होती. पाण्याबरोबर नळात कोंडणारी हवा त्यांतून बाहेर पडे. त्यांना उच्छ्वास म्हणतात. बांधकामाला इतके देहधारी नाव देणाऱ्या माणसाला दम लागणे म्हणजे काय ते नक्की कळत असावे. उताराने वाहणाऱ्या पाण्यालाही मध्येच श्वास सोडायला जागा लागते, मग चढणाऱ्या माणसाची काय कथा.

धावण्याच्या इतिहासात अशा मागे राहणाऱ्यांना जागा कुठे असते? पुण्याशी संबंधित एक जुनी गोष्ट आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेडुत पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा चमू गेला. त्यातले दोघे मॅरेथॉन धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास होती. दुसरे साताऱ्याचे सदाशिव दातार. त्यांच्या नावापुढे वेळ नाही, क्रमांक नाही. शर्यत पूर्ण केली नाही, एवढीच नोंद आहे. परक्या देशात, परक्या हवेत, कोणत्या मैलावर त्यांचे पाय थांबले असतील, हे त्या नोंदीवरून कळत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासातही अशा नोंदी असतात. एकच संग्रह काढून गप्प झालेला कवी, पहिल्या खंडानंतर न आलेला दुसरा खंड. समीक्षेचे लक्ष एकोणिसाव्यापर्यंत तरी जाते. त्याच्या पुढे फक्त यादी उरते.

मात्र रस्त्यावरच्या शर्यतीचे एक औदार्य आहे. कुस्तीच्या फडात किंवा क्रिकेटच्या मैदानात अपुऱ्या तयारीच्या माणसाला अव्वल खेळाडूच्या शेजारी कोणी उभे करत नाही. इथे करतात. पुण्यात १९८३ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून देशोदेशीचे पट्टीचे धावपटू आणि सामान्य पुणेकर एकाच सकाळी शहराच्या रस्त्यांवर उतरलेले या शहराने पाहिले आहेत. माणसे बहुतेक गोष्टींना अपुऱ्या तयारीनेच सामोरी जातात: संसाराला, आजारपणाला, वडिलांचे ओझे खांद्यावर घेण्याला. अण्णांना रोज पलंगापासून खिडकीपर्यंत चालवताना आम्हा दोघांचीही कसली तयारी होती? ते पावले मोजत होते, मी त्यांचा तोल. ते जे करत होते त्याला सराव म्हणावे की शर्यत, हे मला अजून सांगता येत नाही.

परतीच्या उतारावर वेग घेण्याचा मोह अनावर होता. मी तो घेतला नाही. तरी उताराने आपला वाटा वसूल केलाच. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन आवरतात आणि सवय नसलेल्या स्नायूंना ते चढण्याहून अधिक जाचते. मजा अशी, की हे दुखणे लगेच कळत नाही, एकदोन दिवसांनी उगवते. मला एकेचाळीस मिनिटे लागली. माझ्या मागे फार लोक नव्हते. पण जे होते, त्यांच्यासाठी शेवटची रेषा पुसलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचा तास संपवून मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतो आणि मागून उतरणारी मुले अदबीने थांबली होती. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर अण्णांनी माझी चाल पाहिली. क्रमांक त्यांनी विचारला नव्हताच.

"उतरताना दुखतंय ना?" ते म्हणाले, आणि डाव्या हाताने कठड्याचा आधार घेऊन उठू लागले.