बाबांना केबिन मिळाली

आमच्या घरात मी ‘फ्रीलान्सर’ आहे. घरच्यांच्या भाषेत, रिकामी! त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगला बसणं, प्लंबरची वाट बघणं आणि कुठलीही नाजूक बोलणी करायला जाणं ही कामं आपोआप माझ्याकडे येतात. गेल्या एप्रिलमध्ये असंच एक काम आलं. दादाचा फोन होता. "तू जा आणि आई-बाबांना घेऊन ये."

घेऊन ये म्हणजे ठाण्याला. वहिनीची मॅटर्निटी लीव्ह मेच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. बाळ पाच महिन्यांचं, मोठा पहिलीत जाणारा. आणि आजी-आजोबा कुठे? तर कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या घरात, कासवं मोजत! (हे दादाचे शब्द.) फोनवर बाबांनी सरळ सांगून टाकलं होतं, "शेवटची दोन घरटी उघडल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

खरं सांगते, तेव्हा मला दादाचंच बरोबर वाटलं होतं. रिटायर झालेले आई-बाबा म्हणजे आपल्या जनरेशनला साठलेली लीव्ह वाटते. हवी तेव्हा टाकायची, सँक्शन होणारच! ऑफिसची ट्रिप आली, आई-बाबांना बोलव. मोलकरीण गावी गेली, आई-बाबांना बोलव. त्यांचाही काही प्लॅन असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

लॅपटॉप, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन मी निघाले. माणगाव, म्हसळा करत बागमांडला, तिथून फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी. फेरीबोटीवर गाड्यांच्या मधे उभं राहून मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. मुद्दा पहिला, बाळ. मुद्दा दुसरा, बाबांचा स्टेंट. मुद्दा तिसरा, उन्हाळा.

बाबा एका बँकेत ३६ वर्षं होते. कॅश काउंटर, मग पासबुकं, मग लोन. त्यांच्या मागून आलेले मॅनेजर होऊन काचेच्या केबिनमध्ये बसले, बाबा बाहेरच राहिले. २०१८ साली ते रिटायर झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी आईच्या मदतीनं मंडणगड तालुक्यात ही दोन खोल्यांची जागा बांधली. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, मागे विहीर, बाजूला चार आंबे आणि एक फणस. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी लावलीय, ‘केबिन’. खाली बारीक अक्षरात, ‘आत येण्यास परवानगीची गरज नाही’.

या केबिनचं छप्पर एकदा उडालंय. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, आणि खाडीच्या अलीकडच्या मंडणगड-दापोलीलाही त्यानं झोडपलं. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आई-बाबा तेव्हा लॉकडाऊनमुळे ठाण्यात अडकले होते. पण शेजाऱ्यांनी, स्वतःची कौलं उडालेली असताना, आमचे गाद्या-भांडी-कपाट उचलून आपल्याकडे ठेवलं आणि भिंतींवर ताडपत्री टाकली. दादा म्हणाला, विकून टाकू. बाबा म्हणाले, "ज्यांनी आपल्या गाद्या कोरड्या ठेवल्या, त्यांना काय सांगू?" त्यांनी पत्रे घातले. नंतर २०२२पासून दोघं वेळासला जायला लागले. गावाचं काही देणं लागतो, ते फेडायचं म्हणून.

वेळास नाना फडणवीसांचं गाव म्हणून शाळेत वाचलं असेल. आता ते कासवांसाठी जास्त माहीत आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी सर्रास चोरली जायची. २००२मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावाला सोबत घेऊन काम सुरू केलं. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर. २०२१च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला होता, तेही तुम्ही वाचलं असेल. आता हे सगळं गावकरी आणि वनविभाग बघतात. माझे आई-बाबा म्हणजे त्यातले दोन एक्स्ट्रा हात.

पहिल्याच पहाटे मला साडेपाचला उठवण्यात आलं. (मी रात्री दोनला आर्टिकल पाठवून झोपले होते, पण त्याचं कुणाला काय!) बाबा स्कूटरवर पुढे, मागे आई, आणि मी शेजाऱ्यांच्या रिक्षात. किनाऱ्यावर पोचलो तर होम स्टेमध्ये राहिलेले पंधरा-वीस लोक उभे. गावातल्या मुलानं घरट्यावरची टोपली उचलली. खाली तळहातापेक्षा छोटी, राखाडी-काळी पिल्लं वळवळत होती. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. मोठी झाल्यावर माद्या जन्मलेल्या किनाऱ्याच्या भागात परत येतात, आणि त्यासाठी हे चालणं कामाचं असतं, असं मानतात.

बाबा एका बाजूला रजिस्टर घेऊन उभे. घरट्याचा नंबर, अंडी सापडली ती तारीख, अंड्यांची संख्या, पिल्लं किती निघाली. गावातल्या मुलांकडे स्वतःची नोंद असतेच, पण संध्याकाळी ते बाबांच्या आकड्यांशी पडताळून बघतात. "घरटं उघडायची अंदाजे तारीख पेन्सिलीनं," बाबांनी मला समजावलं, "आणि खरी तारीख पेनानं. बँकेत असं चाललं नसतं!" आईचं काम गर्दी सांभाळायचं. ३० वर्षं शाळेत मराठी शिकवलेला तो आवाज. "फ्लॅश बंद! दोरीच्या मागे! बाळा, हात नाही लावायचा, त्याला त्याचं चालू दे." एक आयटीवाले काका सेल्फीसाठी दोरी ओलांडणार होते, ते जागच्या जागी थांबले. मला माझी चौथी-ब आठवली.

नऊला घरी. मग घावन, चहा आणि आईचा दुसरा कारखाना सुरू. रातांबे फोडायचे, सालं वेगळी करायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची आणि उन्हात टाकायची. वाळली की परत बुडवायची. असं चार-पाच वेळा केल्यावर त्याची आमसुलं होतात. शेजारी आंबोशी, पलीकडे ताटांत आंब्याचं साठ. हे सगळं पावसाच्या आत व्हायला हवं. फोनला रेंज फक्त फणसाखाली, त्यामुळे मी तिथे खुर्ची टाकून काम करायचे आणि अधूनमधून कावळे हाकलायचे. दोन दिवसांचे दहा दिवस कधी झाले, कळलं नाही.

भाषण मात्र राहूनच गेलं होतं. तिसऱ्या दिवशी रातांबे फोडताना मी आईकडे विषय काढला. ती हसली. "कासवीण बरी बघ. अंडी घालते आणि निघून जाते. तिला कोणी फोन करून विचारत नाही, कधी येतेस म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "बाळाची आठवण येत नाही असं नाही गं. रात्री व्हिडिओ बघतेच मी. पण तारीख ठरवताना आम्हाला कोणी विचारलं का?"

मी गप्प. विचारलं नव्हतं. मीही नाही.

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला दादाच वहिनी-मुलांना घेऊन येऊन थडकला. वकील फितूर झालाय हे त्याला फोनवरच कळलं असावं. पहिला दिवस आंबे खाण्यात गेला. रात्री मुलं झोपल्यावर पडवीत सगळे बसलो आणि सुरुवात झाली. "तुम्हाला नातवापेक्षा कासवं जास्त झाली का?" दादानं विचारलं.

बाबा काही बोलले नाहीत. आई बोलली. "तू ऑफिसात दोन दिवसांची रजा घेताना साहेबांना विचारतोस ना? आम्हाला न विचारता तू पाळणाघर शोधायचंच सोडून दिलंस. मे संपेपर्यंत आम्ही इथे आहोत, हे डिसेंबरमध्ये सांगितलं होतं. तेव्हा तू ‘हो हो’ म्हणालास, मोबाइलमध्ये बघत."

वहिनी हळूच म्हणाली, "हे मला माहीतच नव्हतं, आई." आणि तिनं दादाकडे असं बघितलं की त्या रात्री मला दादाची थोडी दयाच आली!

पण खरी गोष्ट त्यानंतर निघाली. दादाचा आवाज एकदम उतरला. "मला पाळणाघराचं टेन्शन नाहीये. बाबांना रात्री काही झालं तर मी सहा तासांवर आहे. ते डोक्यातून जात नाही." आणि तेव्हा बाबांनी सांगितलं, की तसं एकदा झालंय. मार्चमध्ये रात्री दोनला छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी रिक्षा काढली, तासाभरात तालुक्याच्या गावी नेलं. ईसीजी नॉर्मल, अ‍ॅसिडिटी निघाली. सकाळी घरी.

"आणि तुम्ही कळवलं नाहीत?" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. बाळ उठलं.

"कळवलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी इथे कुलूप लावलं असतं," बाबा म्हणाले.

खोटं कुठे बोलत होते? आम्ही तेच केलं असतं. आमच्या काळजीला एकच उपाय माहीत होता, त्यांना उचलून आमच्या सोयीच्या जागी ठेवायचं. आणि त्या उपायाच्या भीतीनं ते आमच्यापासून छातीतली कळ लपवत होते. म्हणजे आमच्या काळजीनं ते सेफ होण्याऐवजी उलटंच झालं होतं. त्या रात्री मला हे फार लागलं. अजून लागतं.

पहाटे कुणी नीट झोपलेलं नव्हतं, तरी सगळे किनाऱ्यावर गेलो. शेवटचं घरटं होतं. एप्रिलअखेरची वाळू फार तापते, त्यात पिल्लं कमी निघतात, म्हणून वर हिरवी नेट बांधली होती. टोपली उचलली तर निम्म्याहून कमी पिल्लं. बाबांचा चेहरा पडला. माझा सहा वर्षांचा पुतण्या दोरीमागून एका पिल्लामागे डोळे लावून होता. ते दोनदा लाटेनं मागे फेकलं गेलं. तो आजीला विचारायला लागला, "उचलू?" आई म्हणाली, "नाही रे, थांब." तिसऱ्या लाटेत ते गेलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. बाबांनी रजिस्टरमध्ये पेनानं तारीख लिहिली आणि टोपण लावलं. दादा बाजूला उभा राहून रजिस्टर चाळत होता. पानंच्या पानं, बाबांच्या बँकेतल्या अक्षरात. तो म्हणाला, "एवढं सगळं तुम्ही करता?" बाबा म्हणाले, "मी रिटायर झालोय. रिकामा नाही."

त्या दुपारी फणसाखाली बसून आम्ही ‘टर्म्स’ ठरवल्या. अगदी पॉइंटवाइज. जून ते जानेवारीच्या मध्यापर्यंत आई-बाबा ठाण्यात, त्यानंतर पाऊस येईपर्यंत केबिनमध्ये. बाळ अर्धा दिवस पाळणाघरात, जून उजाडेपर्यंत वहिनीची आई येणार. ठाण्यात असताना बाबांनी हार्टच्या डॉक्टरांना दाखवायचं, अंधार पडल्यावर स्कूटर बंद. दुखलंखुपलं तर त्याच रात्री फोन. आणि आमच्याकडून? फोन आला म्हणून कुलूप लावा म्हणायचं नाही. भिंतीवर १०८, शेजारी, रिक्षा आणि तालुक्याच्या डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरात लावले. ते अक्षर दादाचं.

सगळं गोडगोड झालं असं नाही. रात्री फोन वाजला की दादा अजून दचकतो. पाळणाघराचा खर्च वहिनीला जड जातो. बाबा ठाण्यात कंटाळतात, आई लोकलच्या आवाजानं लवकर उठते आणि ‘उठलेच आहे तर’ म्हणत सगळ्यांना उठवते. पण बाळ तिच्या मांडीवर झोपतं आणि ती झोपू देते, तारीख तिनं स्वतः दिलीय म्हणून असेल कदाचित.

तुमच्याही घरी असं एखादं जोडपं असेल. कुणी ट्रेकला जातं, कुणी भजनाला, कुणी गावच्या शाळेत शिकवायला. पुढच्या वेळी ‘या’ म्हणण्याआधी ‘कधी जमेल?’ असं विचारून बघा. आम्हाला ते शिकायला फेरीबोट ओलांडावी लागली!

परवा बाबांनी ठाण्याच्या घरात नवीन कॅलेंडर टांगलं. फेब्रुवारीत कोण कधी येणार, ते लिहायला बसले. मी नेहमीसारखं म्हटलं, "येईन हो बाबा, जमलं तर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पेन्सिलीनं लिहू की पेनानं?"

मी म्हटलं, "पेनानं."