जीपचा पुढचा आस

रविवार आला म्हणजे कोणी परसबागेत रमतात, कोणी गळ घेऊन नदीकाठी बसतात. आमच्या मंडळींचा रविवार मात्र जुन्या जीपगाडीखाली जातो. या मंडळींत एक निवृत्त फिटर आहेत, एक बागायतदार आहेत, एक औषधविक्रेते आहेत आणि शाळेत भाषा शिकविणारे आम्हीही आहोत. ज्याची गाडी बिघडेल त्याच्या अंगणात सर्वांनी जमावयाचे, असा आमचा अलिखित नियम आहे.

जीप हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य होय. १९४१ ते १९४५ या काळात विलिस व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या तयार केल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईस विलिसच्या जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला आणि ही गाडी आपल्या डोंगरदऱ्यांत परिचित झाली.

चिखलातून जीप वाट काढते, कारण तिची चारही चाके गाडी ओढतात. मागच्या आसाला केवळ चाके फिरवावयाची असतात. पुढच्या आसाला ती फिरवावयाची आणि त्याच वेळी वळू द्यावयाची, अशी दुहेरी चाकरी असते. यासाठी चाकाजवळ दांड्याला सांधा लागतो. फुलीच्या आकाराचा साधा सांधा वाकला म्हणजे एका फेऱ्यात दोनदा भरभर व दोनदा हळू फिरतो. हा दोष टाळणारे गोळ्यांचे सांधे निघाले. त्यांपैकी बेंडिक्स जातीच्या सांध्यात चार गोळ्या चरांत आणि पाचवी मध्यभागी असते. मधल्या गोळीची घासलेली बाजू योग्य दिशेस आणल्यावाचून शेवटची गोळी जागी बसत नाही. हे ठाऊक नसेल, तर दिवसभर हातोडी मारूनही व्यर्थ! असे ज्ञान एकाने दुसऱ्यास सांगितल्यानेच टिकते.

हा सांधा एका पोकळ गोलकात ग्रीसमध्ये असतो. गोलकाचे सील झिजले की ओढा ओलांडताना पाणी आत शिरते, ग्रीस ताकासारखे पांढुरके होते आणि बेअरिंगे गंजतात. गेल्या पावसाळ्यानंतर बागायतदारांच्या जीपची पुढची चाके थरथरू लागली, ती याच कारणाने. पुढील आठवड्यात त्यांना मुलाबाळांसह बेळगावाहून चोर्ला घाट उतरून यावयाचे होते. नवे ग्रीस भरून वेळ निभावून न्यावी, असा त्यांचा विचार होता. फिटरबाबांनी मान हलविली. "घाटार ग्रीस वाटावचें ना," एवढेच ते म्हणाले.

प्रथम जीप जॅकवर उचलून भक्कम घोड्यांवर टेकविली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जावयाचे नाही, हा आमचा पहिला दंडक. जुन्या विलिसच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, तेही बागायतदारांस सांगितले. पाना मात्र त्यांच्याच हाती ठेवला. "तूं कर, हांव पळयतां," असे म्हणून फिटरबाब बाजूस बसले. चाक ज्या किंगपिनांवर वळते त्यांची बेअरिंगे गंजून खडबडीत झाली होती. औषधविक्रेत्यांनी जपून ठेवलेली नवी बेअरिंगे व सील घरून आणून दिली. मग खालच्या-वरच्या पातळ शिमपट्ट्या एकेक करून कमीअधिक केल्या आणि प्रत्येक वेळी स्प्रिंगकाटा अडकवून चाकाचा गोलक किती जोराने वळतो ते पाहिले. सैल राहिला तर चाक थरथरते. फार आवळला तर वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी मोजमाप जमले. दुपारी सर्वांस हुमण-शीत मिळाले होते, तोच मोबदला!

मंडळी सुखरूप घाट उतरून आली. पुढल्याच महिन्यात औषधविक्रेत्यांच्या गाडीचे सील गेले, तेव्हा आम्ही सारे पुनः जमलो. या खेपेस कामाची माहिती सांगत होते बागायतदार, आणि पाना होता औषधविक्रेत्यांच्या हाती.

विद्यार्थिमित्रहो, जाणत्याने काम स्वतः उरकून टाकणे सोपे असते. दुसऱ्याचा हात चुकतमाकत चालताना स्वतःचा हात आवरून जवळ बसणे कठीण. परंतु त्यामुळेच एका माणसाची विद्या चौघांची होते. तुमचा शेजारी गणितात अडला, तर त्याची वही ओढून घेऊ नका. पेन्सिल त्याच्याच हाती असू द्या आणि त्याच्याजवळ बसा.