कळंबच्या वाळूतली शाळा

"पोरगी कुठल्या शाळेत?" ईदला नातेवाईक हमखास विचारतात. घरीच शिकते म्हटलं की अम्मी गप्प होतात. रात्री मलाही धास्ती वाटते. एनआयओएसमधून दहावी देता येते, पण मैत्रिणी कुठून आणायच्या?

परवा नालासोपाऱ्याहून कळंबला गेलो. किनाऱ्यावर जाळं सारखं करणाऱ्या मावशींनी तिला सांगितलं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा.

ती पटकन म्हणाली, "अब्बू, आज चौदावा चांद. म्हणजे उधाण!"

आपली तारीख आणि मावशींची तिथी एकाच चंद्राची. माझ्या शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना मावशींच्या नातीने विचारलं, "परत कधी येशील?"

धास्ती गेली नाही. पण येत्या अमावास्येला पुन्हा कळंब, हे ठरलं.